गणित की एसपी? अकरावी कॉमर्सचे विषय निवडण्याची कृती

दहावीचा निकाल लागला की शाखेवर घरात आठवडाभर खल होतो. मामा-काकांचे फोन येतात, शेजारच्या ताईचा सल्ला घेतला जातो, आणि एकदाचं कॉमर्स ठरतं. विषय मात्र कॉलेजच्या खिडकीपाशी, पुढच्या मुलाने अर्जात काय लिहिलंय ते बघून पाच मिनिटांत ठरतात. ‘एसपी स्कोअरिंग आहे’, ‘आयटीत मार्क पडतात’, ‘गणित कशाला डोक्याला ताप’ ही तीन वाक्यं त्या रांगेत दरवर्षी ऐकू येतात, आणि त्यांच्या भरवशावर पुढची दोन वर्षं ठरून जातात.

माझं सांगणं एवढंच आहे की विषय ऐकून घेऊ नका, करून बघून घ्या. त्यासाठी निकालानंतरचा एक मोकळा आठवडा पुरतो. खालची कृती राज्य मंडळाच्या कॉमर्सच्या विद्यार्थ्यासाठी लिहिली आहे. सीबीएसईवाल्यांसाठी मधे थोडं वेगळं सांगितलं आहे.

आधी जमवाजमव

बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावी-बारावीच्या पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात. पुस्तपालन व लेखाकर्म, चिटणिसाची कार्यपद्धती म्हणजेच एसपी, गणित व संख्याशास्त्र आणि माहिती तंत्रज्ञान म्हणजे आयटी या चार विषयांची दोन्ही इयत्तांची पुस्तकं उतरवून घ्या. अकरावीचं पुस्तक सगळेच चाळतात, पण विषयाचा खरा चेहरा बारावीच्या पुस्तकात दिसतो. गणिताची आणि बारावीच्या माहिती तंत्रज्ञानाची पुस्तकं वाणिज्य शाखेचीच घेतली आहेत ना, ते मुखपृष्ठावर बघा, कारण विज्ञान शाखेची वेगळी असतात. याशिवाय एक दोनशे पानी वही, साधा कॅल्क्युलेटर आणि दोन-तीन तासांसाठी एखादा संगणक लागेल. घरी संगणक नसेल तर ओळखीच्या कोणाच्या दुकानात किंवा ऑफिसात बसायची सोय करा. मोबाइलवर हे काम नीट होत नाही.

पहिली पायरी: बारावीनंतरची तीन दारं लिहा

वहीच्या पहिल्या पानावर बारावीनंतर करावेसे वाटणारे तीन अभ्यासक्रम लिहा. ‘अजून काही ठरलं नाही’ हे उत्तर चालणार नाही. नक्की नसलं तरी तीन लिहा, नंतर खोडता येतात. प्रत्येकापुढे प्रवेशाची अट लिहा, आणि ती क्लासच्या जाहिरातीवरून न घेता त्या विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या माहितीपत्रकातून उतरवा.

काही गोष्टी इथेच सांगून ठेवतो. साध्या बी.कॉम.ला गणित घेतलं काय, न घेतलं काय, अडत नाही. बीबीए, बीएमएस, बीसीए यांच्यासाठी 2024 पासून राज्याची सीईटी सुरू झाली. तिच्यात इंग्रजी आणि तर्कक्षमतेचा भार मोठा आहे, संगणकाच्या मूलभूत माहितीवरही प्रश्न असतात. बी.एस्सी. आयटी किंवा कॉम्प्युटर सायन्सकडे वळायचं असेल तर बारावीचं गणित बऱ्याच ठिकाणी मागतात, आणि कॉमर्सचं गणित चालेल का हा आणखी वेगळा प्रश्न असतो. ज्या कॉलेजात जायचं त्यालाच तो विचारा. अर्थशास्त्रात पुढे जायचं असेल तर दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणी ऑनर्सला गणित लागतं.

सीए करायचं म्हणणारे सगळ्यात जास्त भेटतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. सीए फाउंडेशनला बारावीत गणित असण्याची अट नाही. ते ऐकून मुलं निर्धास्त होतात. पण फाउंडेशनच्या चार पेपरांपैकी एक पूर्ण शंभर गुणांचा पेपर व्यापारी गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा असतो, वस्तुनिष्ठ असतो, आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापला जातो. प्रत्येक पेपरात किमान 40 टक्के आणि एकूण 50 टक्के पडावे लागतात. म्हणजे अकरावीत टाळलेलं गणित दोन वर्षांनी दारात उभं राहतंच, तेही शिकवणारा बदललेला आणि वेळ कमी असताना.

दुसरी पायरी: कॉलेजची खरी यादी मिळवा

2025 पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. पसंतीक्रमात दहापर्यंत कॉलेजं भरता येतात, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडता. मेख अशी की कॉमर्स शाखेत जागा मिळाली म्हणजे हवा तो विषय मिळालाच असं नसतं. आयटीच्या जागा मर्यादित असतात. गणिताची तुकडी पुरेशी मुलं नसतील तर काही कॉलेजं चालवतच नाहीत. म्हणून पहिल्या पसंतीला टाकण्याआधी त्या कॉलेजात जाऊन कार्यालयात तीन प्रश्न विचारा: कॉमर्सला यंदा कोणते वैकल्पिक विषय खरोखर चालवणार आहात, कोणत्या विषयाऐवजी कोणता घेता येतो, आणि कोणत्या विषयाला वेगळी फी आहे? अनुदानित तुकडीतसुद्धा आयटी बऱ्याच ठिकाणी विनाअनुदानित तत्त्वावर चालतो आणि त्याची फी वेगळी पडते. घरच्यांना ही रक्कम आधी कळलेली बरी.

बहुतेक कॉलेजांत चित्र असं असतं: इंग्रजी, पुस्तपालन, अर्थशास्त्र आणि वाणिज्य संघटन व व्यवस्थापन म्हणजे ओसीएम हे चार ठरलेले. पाचवी जागा दुसऱ्या भाषेची, आणि अनेक कॉलेजांत त्या जागी आयटी घेता येतो. सहावी जागा एसपी किंवा गणिताची. म्हणजे तुमच्या हातात खरे निर्णय दोनच आहेत.

तिसरी पायरी: प्रत्येक विषय एक बैठक करून बघा

हा सगळ्या कृतीचा गाभा आहे. रोज एक विषय, सलग दीड-दोन तास, मोबाइल दुसऱ्या खोलीत.

सुरुवात पुस्तपालनाने करा. तो टाळता येत नाही, पण कॉमर्सच आपल्याला मानवेल का, हे तोच सांगतो. अकरावीच्या पुस्तकातले द्विनोंदी पद्धत आणि रोजकीर्द हे भाग वाचा आणि एका किराणा दुकानाचे हे व्यवहार वहीत उतरवा. मालकाने बँकेत 50,000 रुपये टाकून धंदा सुरू केला. घाऊक व्यापाऱ्याकडून 12,000 चा माल उधारीवर आणला. 4,500 चा माल रोखीने विकला. दुकानाचं भाडं 3,000 बँकेतून दिलं. मालकाने दुकानातली 400 रुपये किमतीची साखर घरी नेली.

पहिले चार व्यवहार पुस्तक बघून जमतील. पाचव्यापाशी थांबायला होईल. पैसे कोणी दिले नाहीत, विक्री झाली नाही, मग नोंद कशाची? दुकान आणि मालक हे हिशेबाच्या दृष्टीने दोन वेगळे जीव आहेत हे इथे उलगडतं. मालकाने दुकानातून वस्तू उचलली, म्हणून उचल खाते नावे आणि खरेदी खाते जमा, 400 रुपये. आता खतावणी करून तेरीजपत्रक मांडा. नावे बाजूला बँक 47,000, रोख 4,500, खरेदी 11,600, भाडं 3,000 आणि उचल 400. जमा बाजूला भांडवल 50,000, घाऊक व्यापारी 12,000 आणि विक्री 4,500. दोन्हीकडची बेरीज 66,500 यायला हवी. नाही आली तर चूक शोधा. तेवढा वेळ कसा गेला ते लक्षात ठेवा. चूक सापडल्यावर बरं वाटलं असेल तर कॉमर्समध्ये तुम्ही रमाल. शोधताना नुसता वैताग आला असेल तर तेही घरी मोकळेपणाने सांगा, कारण बारावीत भागीदारीची खाती, भागीदाराचा प्रवेश, निवृत्ती, विसर्जन असं सगळं याच पायावर चढत जातं.

दुसऱ्या दिवशी एसपी. बारावीच्या पुस्तकातला सभासदांशी पत्रव्यवहार हा पाठ काढा. लाभांश देत असल्याचं भागधारकाला कळवणारं पत्र वाचा, पुस्तक मिटा आणि तसं पत्र स्वतः लिहा. पत्ता, दिनांक, विषय, ठरावाचा उल्लेख, भागांची संख्या, दर, रक्कम, चिटणिसाची सही, सगळं आलं पाहिजे. मग पुस्तकाशी ताडून बघा. एसपी म्हणजे नुसतं पाठांतर, अशी त्याची ख्याती आहे ती अर्धीच खरी. भाग आणि कर्जरोखे यांची विक्री, ठेवी, डिपॉझिटरी, शेअर बाजार हे सगळं त्यात आहे. ज्याला कंपनी सेक्रेटरी व्हायचंय किंवा कंपनीच्या कार्यालयात काम करायचंय, त्याला दोन वर्षांत कंपनीची भाषा कळू लागते. पण अचूक मसुदा पुन्हा पुन्हा लिहायचा ज्यांना कंटाळा येतो, त्यांना हा ‘सोपा’ विषय फार जड जातो.

तिसऱ्या दिवशी गणित. इथे घाईने निर्णय घेऊ नका. कॉमर्सच्या गणितात अवकलन, संकलन, सारणी आहेतच, पण दुसऱ्या भागात दलाली आणि सूट, विमा व वार्षिकी, निर्देशांक, कालश्रेणी, रेषीय प्रायोजन, असाइनमेंट प्रॉब्लेम हे धंद्यातलेच प्रश्न आहेत. आधी एक साधं उदाहरण करा: 10,000 रुपये दरसाल 8 टक्के चक्रवाढीने तीन वर्षं ठेवले तर किती होतील? वर्षावर्षाने गुणत गेलात तरी 12,597 रुपये 12 पैसे येतील. मग अकरावीच्या पुस्तकातला अनुक्रम व श्रेणी हा भाग उघडा आणि हेच उत्तर गुणोत्तर श्रेणीने एका ओळीत कसं मिळतं ते शोधा. त्यानंतर त्याच पाठाच्या स्वाध्यायातली पाच उदाहरणं सोडवा. दोन जमली तरी पुरे. दहावीला गणितात किती होते याला इथे फार महत्त्व देऊ नका. अडलेल्या तिसऱ्या उदाहरणाकडे दुसऱ्या दिवशी आपण होऊन परत गेलात का, हे महत्त्वाचं.

चौथ्या दिवशी आयटी. संगणकावर नोटपॅड उघडा आणि पुस्तकातल्या एचटीएमएलच्या पाठावरून त्याच किराणा दुकानाचं दरपत्रक तयार करा: वर दुकानाचं नाव ठळक अक्षरांत, खाली तांदूळ, साखर, तेल यांचे भाव तक्त्यात. फाइल डॉट एचटीएमएल नावाने जतन करा आणि ब्राउझरमध्ये उघडा. आता मुद्दाम मोडा. ठळक अक्षरांचा शेवटचा टॅग काढून टाका आणि पान पुन्हा उघडा. खालचा मजकूरही ठळक झालेला दिसेल. तो टॅग परत लावा, आता तक्त्याच्या ओळीचा एखादा टॅग हलवा आणि काय होतं ते बघा. एका चिन्हाने सगळं पान बिघडतं आणि एका चिन्हाने सावरतं, हे बघायला मजा आली तर हा विषय तुमचा आहे. इन्स्टाग्रामवर हात सफाईने चालतो म्हणून आयटी जमेल, असं मानू नका, ते कौशल्य वेगळं.

ओसीएम आणि अर्थशास्त्र चाळून ठेवा. तिथे निवड नाही, त्यामुळे चाचणीची गरज नाही.

चौथी पायरी: गणित की एसपी

चार दिवसांच्या नोंदी आणि पहिल्या पानावरची तीन दारं समोरासमोर ठेवा. तीनपैकी एका जरी दारावर गणित लिहिलेलं असेल आणि तिसऱ्या दिवशी अडलेल्या उदाहरणाकडे तुम्ही नंतर आपण होऊन परत गेला असाल, तर गणित घ्या. पाच-दहा गुण कमी पडतील या भीतीने सोडू नका. एसपी शिकायचा राहिला तर तो नंतर पुस्तक वाचून भरून काढता येतो, गणिताचं तसं होत नाही. सतराव्या-अठराव्या वर्षी दोन वर्षांचा खंड पडला की तो भरून काढणं फार कष्टाचं असतं.

उलट, तीनही दारांवर गणित नसेल आणि उदाहरणं करताना रडकुंडीला आला असाल, तर एसपी घेताना मनात अपराधी वाटून घेऊ नका. चांगलं इंग्रजी किंवा चांगलं मराठी लिहिणाऱ्याला एसपी खुलवता येतो. आईबाबांनाही एक विनंती. गणित घेणारी मुलं हुशार आणि एसपीवाली उरलेली, ही वाटणी घरात बोलूनसुद्धा दाखवू नका.

पाचवी पायरी: आयटी की भाषा

आयटी बहुतेक वेळा दुसऱ्या भाषेच्या जागी येतो, म्हणजे तो घेताना मराठी किंवा हिंदी सुटते. रांगेत हे कोणी लक्षात आणून देत नाही. ज्यांना स्पर्धा परीक्षांकडे, बँकेच्या ग्रामीण शाखांकडे, पत्रकारिता किंवा शिक्षकी पेशाकडे जायचंय, त्यांनी दोनदा विचार करावा. एमपीएससीच्या मुख्य परीक्षेत मराठीचा पेपर सक्तीचा आहे. घरात मराठी बोलतो म्हणून लिहिता येईल, हा समज पंधराव्या वर्षी लेखन थांबलं की फार टिकत नाही. आयटी घेतलाच तर महिन्याला एक तरी मोठं मराठी पुस्तक वाचायचा आणि पानभर लिहायचा नेम ठेवा.

आयटी घ्यायचाय असं ठरलं तर प्रवेशाआधी कॉलेजची लॅब डोळ्यांनी बघून या. सुट्टीत बंद असेल तर उघडायला सांगा. किती संगणक चालू आहेत, एका संगणकावर किती मुलं बसतात, आठवड्याला प्रात्यक्षिकाचे तास किती, इंटरनेट आहे का, हे विचारा. बारावीला या विषयाची 80 गुणांची परीक्षा संगणकावर ऑनलाइन होते आणि 20 गुण प्रात्यक्षिकाचे असतात. ज्या लॅबमध्ये तीन मुलांनी मिळून एक माऊस धरायचा, तिथे हा विषय वहीत लिहून पाठ करावा लागतो, आणि तसा तो करण्यात काही अर्थ नाही. सिनियर मुलांना गाठून ‘खरंच लॅबमध्ये नेतात का’ एवढं विचारा. ते स्पष्ट सांगतात.

काही कॉलेजांत बायफोकल म्हणजे द्विलक्ष्यी अभ्यासक्रमही असतो: बँकिंग, ऑफिस मॅनेजमेंट, मार्केटिंग वगैरे. तो 200 गुणांचा असतो आणि दुसरी भाषा आणि एक वैकल्पिक विषय अशा दोघांची जागा घेतो. बारावीनंतर लगेच कमवायला लागायचं असेल तर हा आणि जुन्या पिढीला एमसीव्हीसी म्हणून माहीत असलेला, आता एचएसव्हीसी नावाचा व्यवसाय अभ्यासक्रम, दोन्ही नीट चौकशी करून बघा. एचएसव्हीसीत प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी शिकण्याचा भाग असतो. या अभ्यासक्रमांकडे नाक मुरडणारे बरेच भेटतील, त्यांच्या मताला फार किंमत देऊ नका.

सीबीएसईवाल्यांसाठी

तिथे विषयांच्या कोडवर नजर हवी. कॉम्प्युटर सायन्स 083, इन्फॉर्मॅटिक्स प्रॅक्टिसेस 065 आणि आयटी 802 या तिघांपैकी एकच घेता येतो. गणित 041 आणि उपयोजित गणित 241 एकत्र घेता येत नाहीत. बिझनेस स्टडीज 054 आणि बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन 833 ही जोडीही चालत नाही. कॉमर्सच्या मुलाला माझा सल्ला इन्फॉर्मॅटिक्स प्रॅक्टिसेसचा. त्यात पायथनमधलं पांडाज आणि एसक्यूएल येतं, म्हणजे आकडेवारीच्या तक्त्यांवर काम करायला शिकता, आणि ते पुढे कुठल्याही ऑफिसात कामी येतं. 802, 833 यांसारख्या बहुतेक कौशल्य विषयांना 60 गुण लेखीचे आणि 40 प्रात्यक्षिकाचे असतात, आणि लेखीत रोजगारक्षमतेचा 10 गुणांचा भाग सगळ्यांना समान असतो.

सहावी पायरी: कॉलेज जे शिकवत नाही ते

प्रवेश झाला की जुलैपासूनच दोन गोष्टी सुरू करा. पहिली टंकलेखन. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शासकीय संगणक टंकलेखन परीक्षा मराठी 30 आणि इंग्रजी 40 शब्द प्रति मिनिट या वेगांची देऊन ठेवा. लिपिक-टंकलेखक पदाला ती लागते, आणि नाही लागली तरी आयटीच्या ऑनलाइन पेपरात हात थांबत नाही.

दुसरी संगणकावरचे हिशेब. टॅलीप्राइम शैक्षणिक मोडमध्ये मोफत चालतं, फक्त महिन्याच्या 1, 2 आणि 31 तारखेच्याच नोंदी करता येतात. सरावाला तेवढं भरपूर झालं. जीएनयूखाता हे हिशेबाचं दुसरं सॉफ्टवेअर तर पूर्णच मोफत आहे. मगाचंच किराणा दुकान त्यात उभं करा, तेच पाच व्यवहार घाला आणि तेरीजपत्रकात 66,500 येतात का बघा. मग एखाद्या ओळखीच्या दुकानदाराची दोन-चार जीएसटी बिलं मागून घ्या आणि केंद्राचा आणि राज्याचा कर वेगवेगळा कसा पडतो ते टॅलीत नोंदवून बघा. दुकानदार बहुधा हसतील, पण देतील.

शेवटची पायरी: कागद तपासा

अकरावीत घेतलेले विषयच बारावीला राहतात, नंतर बदल करणं फार कटकटीचं असतं. वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत कॉलेज अंतर्गत बदल करू देतं का, शेवटची तारीख कोणती, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारून वहीत लिहा. फीच्या पावतीवर आणि ओळखपत्रावर विषय बरोबर छापलेत का बघा. आणि बारावीत मंडळाचा परीक्षा अर्ज भरल्यावर कॉलेज तपासायला प्री-लिस्ट देतं, तिच्यावर डोळे मिटून सही करू नका. गणिताचे दोन कोड असतात, वाणिज्य शाखेचा 88 आणि विज्ञान-कला शाखेचा 40. तुमच्या नावापुढे 40 पडलं असेल तर त्याच दिवशी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या.